बावीस खोकी आणि साक्षीदाराची सही

खरं तर हे मी कुणालाच सांगायचं नव्हतं. दोघांनी मला वेगवेगळं बजावलंय, वहिनीनं मंगळवारी आणि दादानं रविवारी, आणि दोघांपुढेही मी मान हलवून 'नाही सांगणार' म्हटलंय. पण आता खाली दारात ट्रक उभा आहे, मी वर गच्चीच्या जिन्यात पाण्याच्या टाकीमागे लपलेय, आणि तुम्हाला सांगते, कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं काही खरं नाही! तेव्हा तुम्ही ऐका. नुसतं ऐका, मध्ये काही विचारू नका, कारण मला कुणी काही विचारलं की माझं तोंड बंद होतं. लहानपणापासून तसंच आहे. म्हणून तर मी या भानगडीत सापडले!

म्हणजे बघा, दादा आणि वहिनी परदेशी चाललेत. कायमचे. सामान आज जाणार, माणसं पुढच्या शुक्रवारी. दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो, आणि त्याचा हात इतका बारीक की समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यानं त्याला पत्र पाठवून बोलावलं. पत्र आलं त्या दिवशी दादा ते हातात धरून जिन्यात उभा, वहिनी वरून विचारते, "काय रे, काय आहे?" दादानं वाचून दाखवलं. वहिनी म्हणाली, "अय्या, छान!" दादा म्हणाला, "छान ना?" वहिनी म्हणाली, "छानच की!" झालं! या तीन 'छान'वर दोन माणसांचं सगळं आयुष्य बांधायला काढलं हो! आणि बाबांनी तर तासाभरात गावभर केलं. न्हाव्याला सांगितलं, पेपरवाल्याला सांगितलं, दाताच्या डॉक्टरांना तर तोंडात आरसा असताना सांगितलं... "आआ... आआचा मुग्गा... पगदेशी!" आता परत कसं फिरणार, सांगा!

मग सुरू झाली बांधाबांध. आता आमची वहिनी कुठे काम करते? रक्त तपासायच्या लॅबमध्ये. रक्त काढते. एक म्हातारे गुरुजी आहेत, ते दर महिन्याला येतात आणि "ती हलक्या हाताची मुलगी आहे का? नसेल तर मी उद्या येतो" म्हणून परत जातात, अशी ती. आणि लॅबची शिस्त तिच्या हाडांत भिनलेली. तिथे नमुना घेतला की चिठ्ठी लावायची, चिठ्ठीवर क्रमांक, तारीख, वेळ, आत काय आहे ते, घेणाऱ्याची सही आणि बघणाऱ्याची सही. मग सील. आणि एकदा सील लावलं की ते साक्षीदारासमोरच फोडायचं. फोडलं की जुनी चिठ्ठी बाद, नवी चिठ्ठी, नवी सही. हे सगळं तिनं खोक्यांना लावलं! पातेली काय, उशा काय, चपला काय, प्रत्येकाला क्रमांक, वेळ, सील!

आणि साक्षीदार कोण? आईला गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, बाबा एका जागी बसत नाहीत, आत्या आली की बोलतच बसते. राहिले मी. मी म्हटलं, "वहिनी, मला काही जमायचं नाही गं बोलायला वगैरे." तर ती म्हणाली, "वेडे, साक्षीदार म्हणजे बघणारा. बोलणारा नव्हे. तुझ्याइतकी चांगली साक्षीदार मला मिळणार नाही." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी नवं पेन आणलं. एक नंबरचं खोकं, गरम कपडे. दोन, पुस्तकं. तीन, चादरी. चार, चपला-बूट. प्रत्येकावर क्रमांक, तारीख, वेळ... आणि खाली सही माझी!

इथवर ठीक होतं. चार खोक्यांपर्यंत मी अगदी सच्ची साक्षीदार होते. घात केला पाच नंबरनं.

पाच नंबर म्हणजे पातेली. वहिनी नुकतीच कामावरून आली होती. सकाळपासून उभी, पाय सुजलेले, हातांना त्या औषधाचा वास. ती जमिनीवर बसली, मांडणीवरचं एक पातेलं काढलं, कागदात गुंडाळलं, खोक्यात ठेवलं, खोक्याकडे बघत बसली. मग काढलं, कागद सोडला, परत मांडणीवर. म्हणाली, "हे उद्या लागेल." मग दुसरं. "हेही लागेल." मग गाळणी हातात घेऊन बसली. तुम्हाला सांगते, एक गाळणी, साधी, कडेला वाकलेली... अर्धा तास! मी सहीचं पेन उघडून बसलेय, शाई वाळतेय, आणि ही त्या गाळणीच्या भोकांतून खिडकीकडे बघतेय. तेवढ्यात जिन्यात दादाची पावलं! रोज आल्या आल्या तो विचारायचा, "आज किती?" रोज चार खोकी व्हायची असं ठरलेलं. वहिनी दचकली, खोकं ओढलं, झाकणं मिटली, चिकटपट्टी फर्रर्र करून लावली, चिठ्ठी लिहिली, "पाच, स्वयंपाकघर, मोठी पातेली", आणि पेन माझ्यापुढे. मी तिच्याकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "आज राहू दे गं. उद्या भरू."

रिकामं खोकं, आणि खाली सही माझी!

उद्या भरू म्हणे! भरणार कसं? सील लागलं ना! सील फोडायचं तर नवी चिठ्ठी, नवी सही, आणि दादा विचारणार, का फोडलं? दुसरी कुणी असती तर चिकटपट्टी उचकटून गुपचूप चार पातेली आत टाकली असती. पण आमची वहिनी! सील म्हणजे सील! पाच रिकामं राहिलं म्हणून सहा रिकामं, सहा म्हणून सात... मंगळवारपर्यंत सोळा नंबर झाला. त्या दिवशी मी धीर करून विचारलं, "वहिनी, तुला जायचं नाहीये का?" तर म्हणाली, "तिथे मला सुईला हात लावायच्या आधी दोन वर्षं परीक्षा द्यायच्या आहेत. दोन वर्षं मी काय करू? खिडकीत बसू? आणि गुरुजींची शीर कुणाला सापडणार?" मी म्हटलं, "मग दादाला सांग ना!" "मुळीच नाही! त्याचं स्वप्न आहे ते. तूही सांगायचं नाहीस." मी मान हलवली. माझी मान म्हणजे काय हो, कुणीही यावं आणि हलवून घ्यावी!

आता तुम्ही म्हणाल, दादाला दिसत नव्हतं? पातेली खोक्यात आणि पातेली मांडणीवरही! नऊ नंबरमध्ये 'कप, बशा, नाजूक' आणि दादा त्याच कपातून चहा पितोय! काही बोलला? नाव नको. बुधवारी त्याला खोकी आतल्या खोलीतून बाहेर आणायची होती. मी दारात. वहिनी पाठमोरी. दादानं बाह्या सरसावल्या, पाय रोवले, पाच नंबरला हात घातला, जोर लावला... आणि खोकं भस्सकन वर आलं, हनुवटीवर आपटलं! दादा तसाच उभा. खोक्याकडे बघितलं. वहिनीच्या पाठीकडे बघितलं. मग काय केलं असेल त्यानं? हळूहळू गुडघे वाकवले, खोकं पुन्हा जमिनीपर्यंत नेलं, आणि केवढ्यांदा म्हणाला, "आई गं! काय भरलंयस काय, दगड?"

वहिनीची पाठ अशी ताठ झाली! वळली नाही. म्हणाली, "पातेली."

"तरीच!" दादा म्हणाला. वहिनी वळली तशी कंबर चोळली. आणि सामानाच्या फॉर्मवर प्रत्येक खोक्याचं वजन लिहायचं होतं ना, तर पाच नंबरपुढे चक्क लिहिलं, अठरा किलो! मला म्हणतो, "कर सही." केली! अठरा किलो हवा, आणि खाली सही माझी!

मला वाटलं, सुटले! त्याला कळलं, त्याला कळलंय हे तिला कळलं, आता बोलतील एकदाचे. कुठलं काय हो! वहिनी मला कोपऱ्यात घेऊन सांगते, "बघितलंस? एक शब्द बोलला नाही. म्हणजे त्याला जायचंच आहे. तिथे गेल्यावर नवी घेऊ, असं ठरवलं असणार बिचाऱ्यानं." आणि संध्याकाळी दोघं ते भाषेचं पुस्तक घेऊन बसली. तिथली भाषा यायला हवी ना. धडा सातवा. दादा विचारतो, "मी आनंदी आहे. तू आनंदी आहेस का?" वहिनी पुस्तकात बघून, "हो, मी आनंदी आहे." "तुझे घर कसे आहे?" "माझे घर मोठे आहे. धन्यवाद." दोघांचे चेहरे बघितले असते ना तुम्ही... दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं बरी दिसतात!

मग आला रविवार. वहिनी लॅबमध्ये. दादानं मला हाक मारली, "साक्षीदार, ये." आता ही सगळी मला साक्षीदारच म्हणतात. बघते तर सहा खोकी, सतरा ते बावीस, सील लावून तयार. चिठ्ठी लिहिलेली, "हत्यारं, काचा घासायची, नाजूक." मी म्हटलं, "मला आत दाखवलंस कुठे?" तो म्हणाला, "डोळे मीट आणि सही कर." अहो, मी शनिवारी शाळेतून येताना दुकानाच्या काचेतून बघितलं होतं! सगळी हत्यारं टेबलावर, रांगेत, फडक्यानं पुसलेली! दादा एका आजोबांचा चष्मा त्यांच्या नाकावर बसवत होता, काडी जरा वाकवली, मागे झाला, परत जरा वाकवली. आणि आजोबा बाहेर बघून म्हणाले, "अरे, समोरच्या झाडाला पानं आहेत की!" दादा इतका हसला... तसा हसलेला मी त्याला पत्र आल्यापासून बघितला नव्हता.

मी म्हटलं, "दादा..." तो म्हणाला, "तिथे यंत्र घासतं. मी बटण दाबायचं. दिवसाला नऊशे काचा, आणि एकही माणूस समोर नाही. पण तुझी वहिनी बघ किती मनापासून ती भाषा पाठ करतेय. तिला जायचंय गं. खोकी भरताना जीव तुटतोय तिचा, पण जायचंय. तिला सांगू नकोस." आणि मी... हो, हलवली! मान हलवली! सहा खोकी रिकामी आणि खाली सही माझी!

कळस तर पुढेच आहे. वहिनी घरी आली, सतरा नंबर दरवाजाच्या वाटेत, तिनं बाजूला करायला पायानं जरा ढकललं, तर ते सुर्रकन घसरत भिंतीपर्यंत गेलं! वहिनी बघत राहिली. चिठ्ठी वाचली. 'हत्यारं'. मग मोठ्यांदा म्हणाली, "अरे, हे मला एकटीला हलत नाहीये!" दादा धावत आला. "थांब, थांब, तुझी पाठ धरेल! त्या बाजूनं धर." आणि तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांदेखत, त्या दोघांनी ते रिकामं खोकं दोन बाजूंनी धरून जिन्यावरून खाली उतरवलं! "हळू!" "पायरी बघ!" "टेकवू या का जरा?" "टेकवू या." मधल्या पायरीवर टेकवलं, दोघं धापा टाकतायत, तो तिला पाणी देतोय, ती पदरानं त्याचं कपाळ पुसतेय. घाम कुठे होता? पुसायला घाम तर हवा! खालून आत्या बघत होती. "बाई, बाई, किती गं राबताय! पण नशीब काढलंत हो!" मी कठड्याला धरून उभी. मला हसू येत होतं की रडू, मलाच कळेना. ती दोघं गेली तर वरच्या खोल्यांना कुलूप लागणार, आणि मी कुणासमोर न बोलता बसणार, सांगा ना?

आणि आता ट्रक आलाय! मुकादम आला, मिशा एवढ्या, काखेत फॉर्म. पहिली चार खोकी दोघादोघांनी उचलून ट्रकमध्ये चढवली. मग त्यानं पाच नंबर उचलायला हात घातला... आणि मी वर पळाले. पळालेच! इथून सगळं ऐकू येतंय. थांबा...

"ओ साहेब, इथे अठरा किलो लिहिलंय." हा मुकादम. "मी हे एका बोटावर धरलंय. हे, हे पण. आत आहे काय?"

आता बाबा, "काय म्हणजे? पातेली आहेत! परदेशी चाललीयेत पातेली!"

"मग काट्यावर लावू? लावतो... काटा हलायला तयार नाही, काका. चढवू की नको, एकदा काय ते सांगा. मला अजून दोन घरं आहेत."

दादा म्हणतोय, "तू सांग." वहिनी म्हणतेय, "नाही, तू आधी." "तुला जायचंय ना?" "मला? तुला जायचंय!" "मला कधी?" "मग... मग तू कंबर का चोळलीस?" "आणि तू घाम का पुसलास?"

ऐकलंत? बोलली! बोलली हो एकदाची! मुकादमापुढे का होईना!

आता बाबा काहीतरी ओरडतायत, न्हाव्याला काय सांगू म्हणतायत, आई त्यांना "तुम्ही आधी बसा" म्हणतेय. आणि वहिनी... थांबा, वहिनी काय म्हणतेय? "ती पहिली चार खाली उतरवा. आणि बाकीची फोडा." दादा म्हणतोय, "सतरापासूनची पण फोडा. ती माझी आहेत." मुकादमानं चाकू काढला वाटतं, कारण वहिनी एवढ्यांदा ओरडली, "अंहं! असं नाही फोडायचं! साक्षीदार कुठेय?"

गेलं! तुम्हाला सांगितलं होतं ना मी, लॅबची शिस्त? घर राहिलं, गाव राहिलं, परदेश गेला, पण नियम काही सुटायचा नाही! एकेक सील माझ्यासमोर फुटणार, एकेकाची जुनी चिठ्ठी बाद, नव्या चिठ्ठीवर क्रमांक, तारीख, वेळ, 'आत काही नाही', हे अठरा वेळा, आणि खाली सही...

"साक्षीदार! अगं ए साक्षीदार! खाली ये आणि येताना पेन घेऊन ये!"

आले गं वहिनी, आले... तुम्ही मात्र यातलं काही कुणाला सांगू नका हं!