स्मॉर्गोसबोर्डवरचा आग्रह

संध्याकाळी सहा वाजता सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कच्या स्टॉपवर बसच्या रांगेत चैत्रालीच्या पुढे एक मराठी जोडपं उभं होतं.

"काल स्वीडिश साहेबांच्या घरी तुम्ही सगळ्यांना वाढत सुटलात म्हणे?"

"त्या जेवणाला स्मॉर्गोसबोर्ड म्हणतात, जयू. स्मॉर म्हणजे लोणी, गोस म्हणजे हंस, बोर्ड म्हणजे टेबल. ताक घुसळताना वर तरंगणारे लोण्याचे गोळे त्यांना हंसासारखे दिसले."

"वा, पंडितजी! आणि तिथे ज्याचं त्यानं घ्यायचं असतं, ते नाही दिसलं?"

"साहेब संकोचानं कमी खात होते."

"स्वतःच्या घरात?"

"तीनदाच तर नको म्हणाले. आपल्यात आग्रह त्यानंतर सुरू होतो."

"म्हणून खारवलेले मासे ताटात लोटलेत. बरं, तुमचा इथला नोकरीचा पास वाढवायच्या कागदांवर त्यांची सही झाली?"

"साहेब आज आलेच नाहीत. पोट बिघडलंय."

"पास कधी संपतो?"

"शुक्रवारी."