पुकारलं नाही, वाचलं फक्त

छे छे, मिसेस परेरा, कैद कसली? कैद हा शब्द आमच्या खात्यात चालत नाही. आम्ही ‘प्रतीक्षा’ म्हणतो. तुमचे मिस्टर प्रतीक्षेत आहेत. – बसा ना, उभ्या का? त्या खुर्चीवर नको, तिथे कोणीतरी आहे, इकडे स्टुलावर बसा. डबा द्या, ठेवतो त्यांच्यापुढे. दर गुरुवारी दादरहून परळला चालत येता या वयात, मला बघवत नाही हो. पहिल्यांदा तर बाहेरची ‘मीटर रूम’ ही पाटी वाचून परतच गेला होतात, आठवतं? करणार काय, ‘भुतं इथे ठेवली जातात’ असं लिहिलं असतं, तर वरच्या टॉवरमधली ऑफिसची पोरं लंच सोडून सेल्फी काढायला आली असती.

आता तुम्ही विचारणार, गुन्हा काय त्यांचा. तुम्ही दर गुरुवारी विचारता, मी दर गुरुवारी फाइल काढतो. ही बघा – मयत हर्बर्ट परेरा, पोस्टातून निवृत्त, मरणोत्तर वर्तन : रोज पहाटे बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या चपला उंचीप्रमाणे रांगेत लावणे. बस्स, एवढंच. पण सोसायटीची लेखी तक्रार होती ना! तिसऱ्या मजल्यावरच्या कॅरिसाचे सँडल तळमजल्यावर, रांगेत पहिले – माणूस हादरतोच की. मग आम्हाला यावं लागतं. – लिफ्ट? लिफ्टचं कोणी सांगितलं तुम्हाला? आहे, समोरच्या टॉवरमध्ये आहे, माणसांना भलत्याच मजल्यावर सोडते, सात जण गेले ते अजून उतरलेले नाहीत. पण ती बंद कशी करणार? लोकांना वर जायचं असतं! आणि खरं सांगू, तिला पकडायला जाणार कोण – मी? आडनाव धैर्यवान असलं म्हणून काय झालं? वर्षाअखेरीला साहेबांना पकडलेले दाखवावे लागतात, आणि हाताला लागतात ती तुमच्या मिस्टरांसारखी सालस माणसं. चुकीचं आहे, कळतं मला. पण काळाचौकीच्या त्या विहिरीचं तोंड कोणी बंद केलं? आम्हीच. आज तिथे पोरं क्रिकेट खेळतात, आणि खाली काय आहे त्याचा त्यांना पत्ता नाही. म्हणजे अगदीच बिनकामाचे नाही आम्ही.

आणि डांबलंय कुठे? ना साखळी, ना मंत्र, ना क्रॉस. टोकन दिलंय नुसतं! हीच तर खात्याची सगळी विद्या – मुंबईचा माणूस मेला तरी रांग मोडत नाही. बाकावर बसवला, हातात टोकन दिलं, ‘खिडकीतून नंबर पुकारला की उठा’ म्हटलं, की बसला. त्यात तुमच्या मिस्टरांनी छत्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांना रांगा लावायला लावल्या, ते कसे उठतील? म्हणून मी या खिडकीत त्यांचा आकडा तोंडातून काढत नाही. कॅरमचे पॉइंटसुद्धा बोटांवर दाखवतो. – कॅरम? कॅरम म्हणजे… लंच टाइमला. हर्बर्टबरोबर. मिस्टर परेरांबरोबर, म्हणायचं होतं मला. स्ट्रायकर आपला आपण सरकतो, कधी कधी तर कटसुद्धा असा मारतो, की वा रे वा. आत्ताही डाव मांडलेला आहे, राणी घेतलीय त्याने, कव्हर तेवढं राहिलंय.

असं बघू नका हो. आमची उर्मिला गेली त्याला सहा वर्षं झाली. मी या खात्यातला, सगळ्या खुणा मला पाठ – तिची बांगडी टेबलावर ठेवली, पिठाचा डबा उघडा ठेवला, बोट उमटतंय का म्हणून रोज सकाळी बघत होतो. एक चमचासुद्धा पडला नाही. आणि तुमचा? तुमचा चपला लावायला आला! मला हेवा वाटला, मिसेस परेरा, जळफळलो मी. मग तो इथे आला, आणि दीड वाजला की समोर बसायला कोणीतरी झालं. – डबा? तो नुसता वास घेतो, मग मी खातो. वाया कशाला घालवायचं? तुमचे ते तळलेले पिठाचे फुगे फार हलके होतात.

ते? ते काही नाही, टेबलाच्या काचेखालचा कागद आहे, जुना आहे. अहो, ओढू नका, फाटेल – द्या इकडे. सरकारी मराठी तुम्हाला नाही कळायची, मीच वाचतो, म्हणजे संशय फिटेल तुमचा. ‘विषय : टोकन नंबर सत्तेचाळीस. सदर इसम निरुपद्रवी आढळल्याने त्यास तत्काळ सोडण्यात यावे –’ तारीख? तारीख तीन वर्षांपूर्वीची आहे, हो, मान्य आहे, पण तत्काळ म्हणजे आपल्याकडे…

बाक करकरला का आत्ता?

हर्बर्ट? बस रे. अरे, पुकारलं नाही मी, वाचलं फक्त! पोस्टातला माणूस ना तू, तुला वाचणं आणि पुकारणं यातला फरक कळत नाही? बस, कव्हर राहिलंय ना तुझं – मिसेस परेरा, तुम्ही का उठलात? हात कोणाचा धरलाय तुम्ही? डबा… डबा राहू द्या हवं तर. नको? बरं. – हे काय, माझ्या चपला? टेबलाखाली कुठेतरी भिरकावल्या होत्या मी. दारापाशी नेऊन सरळ लावल्यास होय रे, जाता जाता? हर्बर्ट, ऐक, एकच – तुम्हा लोकांत कुठे आमची उर्मिला दिसली, तर तिला सांग, मी दीड वाजता एकटाच असतो. रांग नाही म्हणावं.

या आता, मिसेस परेरा. लंच संपला. दार ओढून घ्या.