दोन पोरं देऊन दोन अनुभवी

...आणि वर म्हणतो कसा, अनुभव लागतो, अनुभव! तुम्हाला सांगतो, आमच्या धारगळच्या व्हॉलीबॉल मंडळाचा अध्यक्ष हा गोकुळदास, ह्याने आयुष्यात कधी चेंडूला हात लावला असेल तर तो गटारातून काढून द्यायला, आणि हा आम्हाला अनुभव शिकवतो!

त्याचं काय आहे, जत्रेच्या आदल्या रविवारी आमची स्पर्धा असते. चषक माझ्या थोरल्या भावाच्या नावाचा. महादेवदादाच्या. मैदान त्यानेच केलेलं, जांभा फोडून फोडून. तो गेल्यापासून स्पर्धा सुरू झाली आणि दर वर्षी चषक गेला पलीकडच्या केरी गावाला! म्हणजे भाऊ माझा, मैदान आमचं, आणि त्याचं नाव कोणाच्या कपाटात? एकदा, फक्त एकदा तो घरी यावा, एवढंच माझं म्हणणं. ह्यात काय चुकलं, सांगा?

तर गोकुळदासने मीटिंग घेतली. "सदाशिवभाऊ, आपला शंभू आणि धाकू केरीला देऊया. बदल्यात त्यांचे रामचंद्र आणि शिवदास घेऊया." म्हटलं, अरे, ही दादाच्या हाताखाली तयार झालेली पोरं, अजून मिसरूड फुटतंय, आणि त्या रामचंद्राची मुलगी लग्नाला आली! "पोरं काय, उद्या मोठी होतील. तुम्हाला चषक यंदा पाहिजे ना? मग? अनुभव लागतो, अनुभव!" यंदा म्हटल्यावर... केला मीही हात वर. केरीवाले तर इतक्या पटकन हो म्हणाले, की तिथेच आम्हाला संशय यायला हवा होता!

सामन्याच्या सकाळी देवळात गाऱ्हाणं. गाऱ्हाणं घालणारे आमचे कृष्णनाथ गावकर, ऐंशीच्या घरातले, मीटिंगला येत नाहीत, कोणाला कुठे दिला त्यांना काय ठाऊक? नारळ हातात घेतला आणि दर वर्षीचं सुरू केलं, "बा देवा महाराजा, तुझो शंभू, तुझो धाकू आज खेळाक उतरतत, तेंच्या हातांक यश दी रे महाराजा!" आणि आम्ही सगळे, सवयीने, एका सुरात, "व्हय महाराजा!" फुटला नारळ! मग गोकुळदासच्या डोक्यात उजेड. "अहो गावकर, ते दोघे आता केरीचे! दुसरा नारळ घ्या, बदला!" गावकर डोळे वटारून, "देव म्हणजे तुमची कमिटी काय रे? सकाळी ठराव, दनपारा रद्द?"

बरं, देवाला मी दोष देत नाही. पण रामचंद्र! खोटं कशाला बोलू, अनुभव दांडगा. चेंडू कुठे पडणार हे त्याला आधीच कळायचं. बोट दाखवून ओरडायचा, "थंय! थंय पडतलो!" आणि बरोब्बर तिथेच पडायचा. पण पोचायचं कोणी? शिवदास एकदा उडाला, खरंच उडाला, सुंदर उडाला... खाली आल्यावर कंबर धरून जो बसला तो बक्षीस समारंभालाच उठला. आणि जाळीपलीकडे शंभू चेंडू उचलतोय, धाकू मारतोय, उचलतोय, मारतोय, आणि आमचेच लोक, आमच्याच मैदानावर, "शाब्बास रे धाकू!" करून टाळ्या! मीसुद्धा वाजवली. काय करणार? मनगट अगदी दादासारखं वळवतो तो.

गेला चषक केरीला. जायच्या आधी शंभूने तो माझ्या हातात दिला. म्हणाला, "काका, एक फोटो काढूया." काढला. मग टेंपो निघाला.

आता परवा पुन्हा मीटिंग! गोकुळदास म्हणतो, "सदाशिवभाऊ, शंभू-धाकूला परत आणूया. आता त्यांच्याकडे चषक जिंकल्याचा अनुभव आहे! अनुभव लागतो, अनुभव!" म्हटलं, केरीवाले फुकट देतील? "छे! बदल्यात आपली बारावीतली दोन पोरं मागतात."

मी काय करणार? केला हात वर. एवढंच म्हटलं, गोकुळदासा, ह्या खेपेला गावकरांना तेवढं मीटिंगला बोलाव.