विरजणाच्या वाटीत लवंगेचं तेल

...आणि वर मलाच म्हणत्यात, तुमास्नी नसता उद्योग कराय कुणी सांगितलं हुतं? आता मला सांगा पावणं, चांगल्या कामाला कुणी सांगाय लागतं व्हय? एक थेंब! लवंगेच्या तेलाचा एक थेंब, आणि घरात माझ्याशी कुणी धड बोलंना!

न्हाय, तुमी बसा. बसा की. पयल्यापास्नं सांगतो, मग माझं काय चुकलं ते तुमीच ठरवा.

आमची थोरली, रक्षिता, कालिजात जंतूंचं शिकत्या. म्हंजे आमी म्हशी पाळतोय, ती जंतू पाळत्या! गेल्या म्हयन्यात डबा द्याय गेलतो, तर पोरीनं काचेची एक बशी दावली. आत जेलीवाणी कायतरी, त्याच्यावर जंतूंची पांढरट साय धरलेली, आणि मधी कागदाची बारकी टिकली. म्हणाली, ह्या टिकलीला लवंगेच्या तेलाचा एक थेंब लावलाय. बघतोय तर काय... टिकलीभोवतीनं गोल, स्वच्छ कडं! समदे जंतू कड्याच्या भायेर, आत यायची एकाची छाती न्हाय! शेजारच्या बशीत ओव्याचं तेल, तिथंबी कडं. गवती चहाचं, तिथंबी कडं. नाद खुळा! अवो, मसाल्याच्या डब्यात एवढी पलटण बसल्या, आणि आपुन तिची जन्मभर नुसती आमटी करून खातोय?

पोरगी म्हागनं सांगत हुती, "बाबा, हे बशीतलं आहे, माणसावर असंच चालेल असं नाही. नुसतं तेल लावलं तर कातडी भाजते. आणि अजून एक..." ते अजून एक काय, त्ये ऐकाय मी थांबलोच न्हाय. माणूस खूश झाला की कान बंद पडत्यात, काय करणार!

तडक लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं तेलाच्या बाटल्या आणल्या आणि झालो सुरू. चपलांत गवती चहा! चपला म्हंजे आपल्या कोल्हापुरी, घाम पिऊन पिऊन तयार झालेल्या, त्यास्नी पयल्यांदाच बागेचा वास. तालमीत जोतीराम पैलवान दाढ धरून बसलेला, त्याला कापसावर एक थेंब. दाढ गप! गडी मला उचलून म्हणतोय, "दादा, तुमी डाक्टरच व्हाय पायजे हुता." आता सांगा, माणूस हवेत जाईल का न्हाय? गेलो. आणि तसाच हवेत सैपाकघरात शिरलो.

आमच्या सैपाकघरात एक देव्हारा हाय आणि एक विरजणाची वाटी. मान म्हणशीला तर वाटीला वाईच जास्त. सासूबाई, चन्नम्मा, गडहिंग्लजकडच्या. लेक सासरला निघाली तवा तिच्या हातात त्यांनी घरच्या विरजणातलं भरून ही वाटी दिली. "मोडू नगं," एवढंच म्हणाल्या. तवापास्नं रोज आजच्या दुधात कालच्या दह्याचा चमचा, कधी खंड न्हाय. महापुरात घर सोडाय लागलं, तवा बायको दागिन्यांचं डबडं इसरली, पर वाटी न्हाय इसरली!

त्या दिशी बायको देवळात गेलती. वाटीचा वास घेतला, आंबूस. म्हटलं, एवढं जुनं विरजण, ह्यात जंतू तरी किती असतील! आणि सकाळी सासूबाई येणार. म्हाताऱ्या माणसाच्या पोटाची काळजी जावयानं न्हाय घ्यायची तर कुणी? वाटीत एक थेंब. दुधाच्या गाडग्यात एक थेंब. आता एक म्हणतोय खरा... बाटलीचं टोपण सैल हुतं.

सांजंला बायकोनं, सर्दीनं नाक चोंदलेलं, रोजच्यावाणी विरजण लावलं. सकाळी सासूबाई पाटावर बसल्या, ताटात ज्वारीची भाकरी. बायकोनं मिरवत गाडगं आणलं, डाव घातला... दूध! जसंच्या तसं पातळ दूध, आणि घरभर दाताच्या दवाखान्याचा वास!

सासूबाईंनी बोट बुडवलं, चाटलं, माझ्याकडं बघितलं.

"जावईबापू, दह्याची दाढ दुखत हुती काय?"

मला हसू येणार हुतं, तेवढ्यात बायकोकडं बघितलं. डोळं भरलेलं. पुरात भिंत पडली तवाबी ही बाई रडली नव्हती हो! रक्षितानं कपाळावर हात मारला. "बाबा, तेच सांगत होते. तेलाला चांगले जंतू, वाईट जंतू कळत नाहीत. दही लावतात तेही जंतूच."

आता हे आधी सांगाय नगं? ...सांगत हुती म्हणा.

तरी बरं, सासूबाईंच्या घरी मूळ विरजण जित्तं हुतं. जाऊन त्यातलंच वाटीभर त्यांनी परत धाडलं, आणि संगट निरोप: जावयाला वाटीपास्नं लांब ठेवा. तवापास्नं माझा जेवणाचा पाट भायेर सोप्यात. सैपाकघराच्या दारात पाऊल टाकलं की बायको उलथणं उचलत्या.

काल सोप्यातनंच पाणी मागितलं, तर रक्षिता खुदूखुदू हसाय लागली. म्हटलं, काय झालं गं? तर म्हणत्या, "बाबा, बशी आठवते का?"

आठवली की. मधी वाटी, भोवतीनं गोल, स्वच्छ कडं... आणि कड्याच्या भायेर, एकटा, मी.