प्रफुल्लच्या फोनमधली पासकी

"हॅलो?… हां, वहिनी, बोल… नाही, झोपलेले नाही. आईकडेच आहे, टिटवाळ्याला… हो, आहे ना. समोरच बसलीय. मेथी निवडतेय."

वैशालीने आईकडे पाहिलं. वहिनी म्हणजे सून दर्शना, हे कळायला जाईबाईंना नाव ऐकायची गरज नव्हती. त्यांची बोटं जुडीवर थांबली.

मागच्या पावसाळ्यात जाईबाईंचा मुलगा प्रफुल्ल डेंग्यूने गेला. पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली कार्यक्रमात सगळ्यांच्या देखत जाईबाई सुनेला बोलून गेल्या होत्या, "त्याला ताप अंगावर काढू दिलास तू."  दर्शना लेकीला, समृद्धीला, उचलून ठाण्याला घोडबंदर रोडच्या आपल्या घरी गेली, ती पुन्हा आली नाही. प्रफुल्लचा फोन मात्र इकडेच राहिला होता. जाईबाई तो रोज चार्ज करायच्या आणि कपाटात ठेवून द्यायच्या. हात कुणाला लावू देत नव्हत्या.

"काय झालं?… समू काय म्हणाली?… शाळेत?… पप्पांचं चित्र काढायला सांगितलेलं… बरं… अगं, हळू बोल, रडू नको, मला कळत नाहीये… पप्पा कसे बोलायचे म्हणून विचारलं… हं."

वैशाली उठून खिडकीशी गेली.

"मग व्हिडिओ दाखव ना तिला… नाहीत? तुझ्या फोनमध्ये एकही नाही?… तुझा जुना फोन, पडून फुटलेला, त्यातच होते… हो, आठवलं. मग लॅपटॉपवर?… सगळे त्याच्या खात्यात… मग उघड की… कसली पासकी?… हां हां, माहितीय, ऑफिसमध्ये आम्हालाही करायला लावलेली, पासवर्डऐवजी फोननेच खातं उघडायचं. पासवर्ड नाहीच ठेवलेला त्याने?… म्हणजे किल्ली त्याच्या फोनमध्ये आणि फोन इथे."

आई म्हणाली, "फोन द्यायचा नाही."

"ऐकलंस ना?… नाही, तिचं तसं नाही गं. तिला वाटतं, फोन हातातून गेला की पुसून टाकतील सगळं… हो, मी सांगितलंय… दहादा सांगितलंय, वहिनी."

पलीकडे दर्शना बराच वेळ बोलत होती. वैशाली नुसती "हं… हं…" करत राहिली.

"ऐक ना, ऐक. लॅपटॉपवर तो चौकोनी कोड येतो ना, दुसऱ्या फोनने स्कॅन करायचा? त्याचा फोटो पाठव मला. माझ्या स्क्रीनवरून त्याच्या फोनने स्कॅन करते… हो, हॉटस्पॉट देते ना… आईला विचारते. थांब."

तिने फोन छातीशी धरला. "आई, फक्त उघडायचाय. इथेच, तुझ्यासमोर. समूला पप्पांचा आवाज आठवत नाहीये."

 जाईबाई उठल्या, कपाट उघडलं, साडीच्या घडीतून फोन काढला आणि लेकीच्या हातात दिला.

"दिला तिने… हो, दिला. स्पीकरवर टाकतेय तुला. त्याच्या फोनचा कोड सांग… झालं. उघडला… आता पाठव फोटो… आला. धरतेय कॅमेरा… घेतला. पुन्हा कोड मागतोय… टाकला… तुझ्याकडे काय दिसतंय?… माझ्याकडे नुसतं फिरतंय… नाही झालं. जवळ नाही म्हणतो. ब्लूटूथ चालू आहे गं… हां, पण लॅपटॉप तुझ्याकडे आणि हा टिटवाळ्यात. दोन्ही एका खोलीत पाहिजेत त्याला… नाही, पुन्हा करून उपयोग नाही. असंच बनवलंय ते."

 आई पदराने चष्मा पुसत होती.

"वहिनी, थांब. किल्ली या फोनमध्येच आहे ना? मग इथल्या इथे खातं उघडेल… बघते… कोड… उघडलं. आहेत. खूप आहेत गं. लावू एखादा?… समूला बोलाव. फोन तिच्या कानाशी धर."

वैशालीने समोर दिसला तो व्हिडिओ लावला आणि भावाचा फोन आपल्या फोनजवळ नेला.

"समू, साल नाही खायची," प्रफुल्ल म्हणाला. "अगं ए, थू कर. दर्शू, बघ हिने आंबा सालीसकट खाल्ला." मग तो हसला. नेहमीसारखा, हसता हसता खोकत. मग व्हिडिओ संपला.

जाईबाईंच्या मांडीवरची मेथी खाली सांडली होती.

पलीकडून समृद्धीने काहीतरी विचारलं. स्पीकर चालू असल्यामुळे ते खोलीत स्पष्ट ऐकू आलं. 

"नाही गं, समू… कुणी काका नाहीत ते… वहिनी? वहिनी, तिला रागावू नको. तो गेला तेव्हा अडीच वर्षांची होती ती… असू दे… रडू नको ना."

तेवढ्यात आईने हात पुढे केला. वैशालीने आपला फोन दिला.

"दर्शना, मी बोलतेय… हो… हो, जेवले मी. तू जेवलीस का?… मग जेव आधी… नाही, ते राहू दे. मागचं नको आता. ऐक. मी उद्या येते, फोन घेऊन… वैशाली आणेल मला. ट्रॅफिक असू दे, सकाळीच निघू… काय?… वैशू, ही काय म्हणतेय?"

"तिच्या फोनमध्ये तिची स्वतःची पासकी बनवता येईल, आई. एकदा दोन्ही फोन जवळ आले की झालं. मग दादाचा फोन तुझ्याकडेच राहील. तिला पुन्हा मागावा लागणार नाही."

"हां, कळलं… बनव तुझी. समूला रोज ऐकव. उठल्यावर ऐकव, जेवताना ऐकव… मी कशाला रागावेन? … दर्शना, समूला दे… समू, आजी बोलतेय. टिटवाळ्याची आजी… हो, बांगड्यांवाली… अगं, ते काका नव्हते, बाळा. तुझा…"

जाईबाई अडखळल्या. पुढचा शब्द आला तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं. पोरीचं बोट लाल बटणावर पडलं असावं.

त्यांनी फोन कानालाच धरून ठेवला.

"कट झाला, आई," वैशाली म्हणाली.

"माहितीय," जाईबाई म्हणाल्या, आणि तशाच बसून राहिल्या.