निकेनची बोलणी आणि स्वस्त वीज

...स्वस्त म्हणे! अहो, कुठली वीज स्वस्त हे माझ्याच ओसरीवर, माझ्याच मुलीच्या मागणीच्या दिवशी ठरवायचं होतं का? तुम्हाला सांगतो, जावा बेटावरच्या आमच्या जेपारात माझ्यासारखे लाकूड कोरणारे ढिगानं सापडतील, पण आमची निकेन एकच, आणि तिला मागणी घालायला सेमारांगहून माणसं आलेली... चांगली पंधरा! चिकट भाताच्या मिठाईची तबकं, केळ्यांचे घड, सगळं रीतसर. निकेननं सकाळीच दम भरलेला, "बाबा, आज काही घोळ घातलात तर बघा!"

आणि नेमका तेव्हाच मीटर बोंबलायला लागला. टिट टिट टिट! आमच्याकडे आधी पैसे, मग वीज. शिल्लक संपत आली की मेला असा ठणाणा करतो की तीन गल्ल्यांना कळतं, वार्दोयोकडे खडखडाट आहे. घरातली शेवटची पन्नास हजार रुपियांची नोट मी गुपचूप मेव्हण्याच्या खिशात कोंबली. म्हटलं, "तार्मुजी, पळ, दुकानातून रिचार्जचा वीस आकडी नंबर घेऊन ये."

पळाला? छे! दारापर्यंत गेला आणि मुलाचे वडील, हर्सोयोसाहेब, वीजखात्यातून निवृत्त, ते म्हणाले, "नीट हिशेब केला तर अणुवीजच स्वस्त." झालं! मेव्हण्याचा ट्रक कोळसा वाहतो. गर्रकन वळला आणि बसला की मांडी घालून!

"स्वस्त? प्रकल्प बांधण्यातच जन्म जातो! त्या कर्जाचं व्याज कोण भरणार, तुम्ही?"

"एकदा बांधला की साठ वर्षं बघायला नको! इंधन लागतं कितीसं? तुमचा कोळसा रोज विकत घ्या, वर राखेचे डोंगर!"

"आणि तुमचा कचरा हजारो वर्षं सांभाळायचा, त्या राखणदाराचा पगार धरलात का?"

टिट टिट टिट!

"हा कसला आवाज?" हर्सोयोसाहेब.

"पक्षी," मी म्हटलं. "पाळलाय."

चुकलो! अहो, आमच्या जावात पक्षी म्हटलं की माणसं जेवण सोडून उठतात. "कोणती जात? बघू की!"

"साहेब, तो... जरा लाजाळू आहे."

पडद्याआडून निकेन माझ्याकडे अशी बघत होती की काय सांगू!

तेवढ्यात विहीणबाईंची बहीण, "कशाला भांडता? आमच्या छपरावर सोलर आहे, ऊन फुकट!" साहेब म्हणाले, "आणि रात्री?" "बॅटरी." "तिची किंमत?" बाई घाईघाईनं चहा प्यायला लागल्या. स्वस्त म्हणे! मी मेव्हण्याला डोळे वटारतोय, खोकतोय, चिमटे काढतोय... तर हा म्हणतो, "दाजी, थांबा हो, एवढा मुद्दा खोडतो आणि जातो!"

"अणुवीज एकदा सुरू झाली," साहेबांनी बोट वर केलं, "की दीड-दीड वर्षं खंड म्हणून..."

पंखा थांबला. दिवे गेले. मागणीच्या भाषणासाठी आणलेला माईकसुद्धा मुका झाला. पंधरा पाहुणे घामाघूम, आणि माझ्या पोरीच्या डोळ्यांत पाणी. तुम्हाला सांगतो, धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. हात जोडले. म्हटलं, "साहेब, पक्षीबिक्षी काही नाही. मीटर आहे. पैसे संपलेत. पण यात माझ्या मुलीचा काय दोष?"

साहेब हसले. "छत्तीस वर्षं खात्यात घालवली, मीटर ओळखणार नाही? म्हटलं, बघू तरी किती वेळ पक्षी उडवतात!" त्यांनीच फोनवरून पैसे भरले, आलेल्या नंबरातला एकेक आकडा मोठ्यानं वाचला, निकेननं तो मीटरवर दाबला. विसावा आकडा पडला, पंखा फिरला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच टाळ्यांत मागणी पक्की!

तेव्हापासून आमच्या विजेचे पैसे व्याहीच भरतात, नको म्हटलं तरी. स्वस्त म्हणे! अहो, फुकट! फक्त दर रविवारी सकाळी ते सेमारांगहून येतात, माझ्या खुर्चीत बसतात आणि अणुवीजच कशी स्वस्त ते जेवणाची पानं वाढेपर्यंत समजावतात. आणि मी काय करणार? मान डोलावतो... पंख्याचा वारा त्यांच्या पैशांचा आहे ना!