वाऱ्याचं आणि पात्याचं

बेलापूरच्या बसस्टॉपवर संघप्रियाच्या पुढे एक जोडपं उभं होतं. कान टवकारायची गरजच नव्हती. दोघं स्वतःच्या घरात असल्यासारखी बोलत होती.

"स्वानंद, माझा वाऱ्याचा प्रोग्राम एकटा चालवला तर बरोबर चालतो."

"माझा पात्याचाही चालतो. दोन्ही जोडले की मात्र कॉम्प्युटरवरची पवनचक्की थरथरून मोडते."

"मोडणारच. पातं किती वाकलं ते तू मला हिशोबाची एक पायरी उशिरा कळवतोस. मी आपली जुन्याच जागी वारा लावत बसते."

"एवढ्याशा उशिरानं काय होतंय, अबोली?"

"साठत जातो रे तो. बरं, बंगलोरची नोकरी घेऊ का? आज संध्याकाळी कळवायचंय त्यांना."

"साठतो, खरंय. मग असं करू, दर पायरीला दोघांनी थांबायचं, आकडे जुळले की मगच पुढे. मशीन मंद होईल फक्त."

"होऊ दे मंद. मी बंगलोरचं विचारलं."

"मंद चालेल ना? शुक्रवारी साहेबांना दाखवायचंय."

"स्वानंद, नको म्हणालास तर नाही जाणार मी."

"साहेब थांबतील म्हणा थोडं. चल, बस आली."

"बरं. मी फोन बूथवरून त्यांना हो कळवते."

ती रांगेतून बाहेर पडली. तो मागे न बघता चढला, खिडकीशी बसला आणि विचारात बुडाला. शेजारची जागा संघप्रियाला मिळाली.

उरण फाटा आला तेव्हा तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "अगं, नको जाऊस."